सुडोकू जरूर शिकवा, पण स्टॉपवॉच कपाटात ठेवून

काही महिन्यांपूर्वी तिसरीतल्या एका मुलाला घेऊन त्याची आई दवाखान्यात आली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) तक्रार एकच, पोटात दुखतं. दोन महिने झाले, अधूनमधून दुखतं, बेंबीभोवती दुखतं, तास-दीड तासात आपोआप थांबतं. जुलाब नाहीत, उलटी नाही, ताप नाही. वजन वयाला साजेसं. लघवी, शौच तपासून झालेलं, सोनोग्राफीही झालेली. सगळे रिपोर्ट नॉर्मल.

मी आईला विचारलं, "ठराविक वारी दुखतं का?" त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "बहुतेक शनिवारी."

मग मुलाला विचारलं, "शनिवारी काय असतं रे?"

"क्लास."

"कसला?"

"सुडोकूचा. घड्याळ लावतात काका. शेवटचा राहिलो की सगळे बघतात."

आईंना हे नवीन होतं. त्यांनी तर चांगल्या हेतूने क्लास लावला होता. मुलगा मोबाईलला चिकटलेला असतो, त्यापेक्षा सुडोकू बरं, बुद्धी तरी वाढेल, असा साधा हिशेब. जाताना त्यांनी विचारलंच, "डॉक्टर, एखादं मेमरी टॉनिक लिहून देता का? म्हणजे त्याचा स्पीड वाढेल."

टॉनिक मी दिलं नाही. पण त्या दिवसापासून हा लेख डोक्यात आहे. कारण सुडोकूसारखी जपानी कोडी मुलांना शिकवावीत या मताचा मी आहे. आणि ज्या पद्धतीने आणि ज्या कारणासाठी ती हल्ली शिकवली जातात, ते मला पटत नाही.

आधी पोटदुखीबद्दल

त्या मुलाचं पोट खरंच दुखत होतं. ते नाटक नव्हतं. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंची सतत देवाणघेवाण चालू असते. परीक्षेच्या दिवशी आपल्याला दोनदा शौचाला जावं लागतं ते याच कारणाने. लहान मुलाला "मला भीती वाटते, लाज वाटते" असं शब्दांत सांगता येत नाही, ते त्याचं पोट सांगतं. त्यामुळे "काही नाही, बहाणे करतोय" असं म्हणू नका.

आणि दुसऱ्या बाजूने, प्रत्येक पोटदुखी ताणामुळेच आहे असंही गृहीत धरू नका. झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, वारंवार उलट्या, ताप, शौचातून रक्त, किंवा बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग क्लासचा विचार करा.

कोडं खरंच जपानी आहे का?

थोडा इतिहास सांगतो, कारण मुलं हे विचारतात आणि त्यांना ते आवडतं.

आज आपण जे सुडोकू सोडवतो ते पहिल्यांदा छापून आलं अमेरिकेत, १९७९ साली, डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात. तिथे त्याचं नाव 'नंबर प्लेस' होतं. ते रचलं हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त आर्किटेक्टने, असं मानलं जातं. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या संस्थेने ते उचललं. माकी काजी यांनी त्याला जे लांबलचक जपानी नाव दिलं, त्याचा अर्थ साधारण 'अंक एकटेच, अविवाहित हवेत' असा. त्याचंच छोटं रूप म्हणजे सुडोकू. पुढे वेन गूल्ड या न्यूझीलंडच्या निवृत्त न्यायाधीशांना टोकियोच्या पुस्तकाच्या दुकानात हे कोडं दिसलं. त्यांनी अशी कोडी तयार करणारा संगणक प्रोग्राम लिहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये सुडोकू सुरू झालं. तिथून ते जगभरच्या वर्तमानपत्रांत गेलं आणि आपल्या मराठी वर्तमानपत्रांतही शब्दकोड्याच्या शेजारी येऊन बसलं.

आपल्या नाशिककरांना तर आकड्यांच्या खेळासाठी जपानपर्यंत जायचीही गरज नाही. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर सर आपल्या इथलेच. १९४९ मध्ये त्यांनी एक गंमत शोधली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा.

समजा ३५२४ घेतले. ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आता ६१७४ वर तेच करा, ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबते. जगभर याला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीच्या या शाळामास्तरांचं नाव जगात पोचलं.

त्यांच्याकडे संगणक नव्हता आणि विद्यापीठातली नोकरीही नव्हती. आकड्यांशी खेळण्यात त्यांना आनंद वाटत होता, म्हणून ते खेळत राहिले. मला वाटतं, आपण मुलांना सुडोकू देताना नेमकं हेच विसरतो.

सुडोकूने बुद्धी वाढते का?

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. उत्तर निराश करणारं आहे, पण स्पष्ट सांगतो. सुडोकू सोडवल्याने माणूस सुडोकू सोडवण्यात तरबेज होतो. त्यापुढे सगळीच बुद्धी वाढते, असा भरवशाचा पुरावा नाही.

२०१० मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात एक मोठा अभ्यास आला. ११,४३० प्रौढांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम केले. जे खेळ ते खेळत होते त्यांत सगळे सुधारले. पण न खेळलेल्या दुसऱ्या चाचण्यांत, अगदी मिळत्याजुळत्या असूनही, तो फायदा उतरला नाही. अमेरिकेत लुमॉसिटी नावाच्या 'ब्रेन ट्रेनिंग' ॲपच्या जाहिराती दिशाभूल करतात अशी तक्रार तिथल्या सरकारी यंत्रणेने केली, तेव्हा २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून तडजोड केली. तो अभ्यास प्रौढांवरचा होता, हे खरं. पण मुलांच्या बाबतीत 'आयक्यू वाढवून देतो' म्हणणाऱ्याकडे तरी वेगळा पुरावा कुठे आहे, असं विचारायला हरकत नाही.

आणि टॉनिकचं म्हणाल तर, नीट जेवणाऱ्या, नीट झोपणाऱ्या मुलाची स्मरणशक्ती बाटलीतल्या औषधाने वाढत नाही. लोह किंवा बी-१२ कमी असेल, थायरॉईड बिघडलेलं असेल तर उपचार करतोच. पण ते तपासून, जाहिरात बघून नव्हे.

मग शिकवायचं कशाला?

माझं कारण वेगळं आहे आणि ते मला माझ्या खुर्चीत बसून सुचलंय.

तापाचा पहिला दिवस असतो. पेशंट येतो. तपासून मी सांगतो, "आज नक्की सांगता येत नाही. साधा व्हायरल असेल, डेंग्यू असेल, टायफॉइडही असेल. पाणी भरपूर प्या, तापाची गोळी घ्या, ही लक्षणं दिसली तर लगेच या, नाहीतर परवा या." यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. "म्हणजे काय डॉक्टर? काहीतरी सांगा ना. एखादं अँटिबायोटिक तरी द्या." चांगली शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसंही 'अजून माहीत नाही' हे वाक्य दोन दिवस सहन करू शकत नाहीत. मग कुठूनतरी गोळी मिळवतात, गुगल करतात, रात्री घाबरून फोन करतात.

'अजून माहीत नाही' या अवस्थेत शांत बसणं, मिळेल तो पुरावा गोळा करणं आणि कारण सापडल्याशिवाय उत्तर न लिहिणं, ही सवय आहे. ती लहानपणी लागली तर बरी लागते. आणि सुडोकूत नेमकं हेच करायचं असतं. चांगल्या सुडोकूला एकच उत्तर असतं आणि तिथे विचार करत पोचता येतं. अंदाज लावला तर दहा घरं पुढे गेल्यावर गाडी अडते आणि सगळं खोडावं लागतं. कोणी ओरडत नाही, मार्क कापत नाही. कागदच सांगतो की बाबा, मघाशी कारण नसताना लिहिलंस.

सुडोकू शिकलेला मुलगा पुढे तापात घाबरणार नाही, असा दावा मी करत नाही. तो केला तर वरच्या ॲपवाल्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला? मी एवढंच म्हणतो, की ज्या वयात प्रत्येक उत्तर बोटाच्या एका टोकावर मिळतं, त्या वयात पंधरा-वीस मिनिटं उत्तराविना काढण्याचा आनंददायक अनुभव मुलाला मिळावा. तेवढ्यासाठीही सुडोकू पुरेसं मोलाचं आहे.

आणि स्टॉपवॉच लावलं की हीच गोष्ट मरते. घड्याळ म्हणतं, "लवकर लिही." कोडं म्हणतं, "खात्री कर." आठ वर्षांच्या मुलाने कोणाचं ऐकायचं?

माझी चूक

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय, पण मी स्वतः यात नापास झालेला बाप आहे.

सुडोकू नवीन नवीन आलं तेव्हा माझी मुलगी आठ-नऊ वर्षांची होती. रात्री नऊला ओपीडी संपवून मी घरी यायचो, जेवण व्हायचं आणि आम्ही दोघं पेपर घेऊन बसायचो. ती एखाद्या घराकडे टक लावून बघत बसायची. मला ते उत्तर दिसलेलं असायचं. अर्धा मिनिट मी थांबायचो आणि मग माझं बोट पुढे जायचंच, "अगं, इथे सात नाही का?"

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती कागदाकडे बघतच नाहीये. पेन्सिल एकेका घरावर नेते आणि माझ्या भुवया बघते. भुवया हलल्या की तिथे लिहिते. कोडं सुटायचं, मी खूश व्हायचो, आणि ती शिकत होती बाबांचा चेहरा वाचायला.

एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दमलेले असलात की आपण नको खेळूया." मग तो खेळ बंदच पडला. आज ती स्वतः नोकरी करते, आणि मी हे आठवण म्हणून काढलं की हसते. पण मला अजून थोडं लागतं.

घरी कसं शिकवाल?

नऊ बाय नऊने सुरुवात करू नका. पाच-सहा वर्षांच्या मुलाला चार बाय चार पुरतं. कागदावर सोळा घरं आखा, मधोमध जाड रेघा मारून चार चौकटी करा. नियम एकच: प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि प्रत्येक चौकटीत १ ते ४ हे अंक एकेकदाच यायला हवेत. हे घ्या पहिलं कोडं:

१ _ _ ४
_ ४ १ _
२ _ _ ३
_ ३ २ _

पहिल्या ओळीत २ आणि ३ राहिलेत. दुसऱ्या घरात काय? आता "इथे काय येईल?" असं विचारू नका. "इथे काय येऊ शकत नाही?" असं विचारा. मूल उभी ओळ खालपर्यंत बघेल, तळाला ३ सापडेल, म्हणजे इथे ३ नाही. मग उरला २. सगळ्या सुडोकूचं मर्म या एका प्रश्नात आहे. (आणि खरं सांगायचं तर निदानाचंही. काय नाही हे ठरवत ठरवतच आम्ही काय आहे इथपर्यंत येतो.)

अंकांची भीती असेल तर अंकांऐवजी डाळ, तांदूळ, शेंगदाणा आणि बटण ठेवा. सुडोकूत बेरीज-वजाबाकी नसतेच. 'आमचा गणितात कच्चा आहे' हे कारण इथे चालत नाही.

चार बाय चार सहज जमायला लागलं की सहा बाय सहा, आणि मग वर्तमानपत्रातलं सोपं नऊ बाय नऊ. आकडे नकोच वाटणाऱ्या मुलाला नोनोग्राम द्या. त्यात बाजूला लिहिलेल्या संख्यांवरून घरं रंगवत जायची आणि शेवटी चित्र उमटतं. उलट, ज्याला गणित आवडतं त्याला केनकेन द्या. तेत्सुया मियामोतो या जपानी गणित शिक्षकाने ते आपल्या वर्गासाठी तयार केलं. त्यांची पद्धत म्हणजे 'न शिकवता शिकवणं'. कोडं द्यायचं आणि गप्प बसायचं. माझ्यासारख्या बापाला हे सगळ्यात अवघड.

मोठ्यांसाठी पाच पथ्यं लिहून देतो:

१. पेन्सिल आणि खोडरबर द्या, शक्यतो कागदावरच. ॲपवर चुकीचा अंक लगेच लाल होतो, म्हणजे विचार मशीन करतं. शिवाय पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा स्क्रीन टाइम दिवसाला दोन तासांच्या आत हवा, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. ती शिदोरी सुडोकूवर कशाला खर्च करायची?

२. घड्याळ नको, नंबर नको, शेजारच्या मुलाशी तुलना नको.

३. उत्तर सांगू नका. मुलाने अंक लिहिला की बरोबर असो वा चूक, एकच विचारा: "कशावरून?" बरोबर उत्तरालाही विचारा, नाहीतर "कशावरून" म्हणजे "चुकलं" असं ते शिकेल. तुमच्या भुवयाही आवरा.

४. पंधरा-वीस मिनिटं पुरे. अर्धवट राहिलं तर राहू द्या. उद्या तेच कोडं ताज्या डोळ्यांनी बघितलं की पटकन सुटतं, हे मुलाला स्वतः अनुभवू द्या.

५. नको म्हणालं तर नको. त्याला मातीत खेळायचं असेल, सायकल चालवायची असेल, तर तेही मेंदूसाठी उत्तमच आहे. रोज बाहेरच्या उजेडात खेळणं डोळ्यांसाठीही चांगलं, त्यामुळे चष्म्याचा धोका कमी होतो. खेळाचा वेळ कापून सुडोकू नको, आणि झोपेचा तर नकोच.

आणखी एक. सुडोकू जमत नाही म्हणजे मूल मंद आहे, असं अजिबात नाही. ही बुद्धीची चाचणी नव्हे. मात्र शाळेतही आकडे सतत उलटसुलट होत असतील, फळ्यावरचं दिसत नसेल, पाच मिनिटंही एका जागी बसवत नसेल, तर आधी डोळे तपासा आणि मग बालरोगतज्ज्ञांशी बोला. त्यावर क्लास हा उपाय नाही.

त्या मुलाचं काय झालं?

मी आईंना सांगितलं, महिनाभर क्लास थांबवा, औषध काहीही नको. त्यांना ते फारसं पटलं नव्हतं, भरलेल्या फीचाही प्रश्न होता. पण त्यांनी थांबवला. महिन्याने आले तेव्हा शनिवारची पोटदुखी गेली होती. एकदा सहामाहीच्या आधी दुखलं, तेवढंच.

त्या वेळी आजोबाही सोबत आले होते. माझ्याकडे थोडी गर्दी होती. बाहेर डोकावलो तर आजोबा पेपरातलं सुडोकू चक्क पेनने सोडवत होते आणि नातू त्यांना अडवत होता, "आजोबा, थांबा. पाच कशावरून?"

आजोबांना सांगता येईना. त्यांनी अंदाजाने लिहिलं होतं.

त्यांचा नंबर आला तेव्हा दोघंही उठायला तयार नव्हते. मी मागच्या पेशंटला आधी आत घेतलं.